नऊ गुणांनी हुकलेलं मेडिकल: राग कुठं घालायचा आणि तिसऱ्यांदा बसायचं का?

प्रश्न विचारणारी मुलगी कागल तालुक्यातली आहे, वय एकोणीस. दोन वर्षं कोल्हापुरात राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहून तिनं नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, तयारी केली. २०२४ ला तीस गुणांनी आणि २०२५ ला नऊ गुणांनी सरकारी एमबीबीएस हुकलं. राज्याच्या प्रवेशाच्या तिसऱ्या राउंडची लिस्ट लागून आठवडा झाला, त्यात नाव नाही. आता ती गावी आहे. रात्री झोप नाही, ताटावर बसलं की घास उतरत नाही, आईवर ओरडते आणि मग कोपऱ्यात जाऊन रडते. तुळशीच्या लग्नानंतर दादाचं लग्न आहे आणि तिला त्या मांडवात पाऊल टाकायचं नाही. तिनं तीन गोष्टी विचारल्यात: माझ्यातच काही कमी आहे का, तिसऱ्यांदा बसू का, आणि हा राग कुठं घालू?

मी बावीस वर्षं कोल्हापुरात समुपदेशन करते. दर वर्षी जून ते नोव्हेंबर माझ्याकडं येणारी निम्मी मुलं याच वाटेवरची असतात. बाळ, माझी लेक तुझ्याएवढीच आहे, म्हणून तुला तू म्हणते. तुझं स्कोअरकार्ड मी पाहिलेलं नाही, घरची परिस्थिती मला ठाऊक नाही, प्रवर्ग कोणता तेही तू लिहिलेलं नाहीस. त्यामुळं तिसऱ्यांदा बस किंवा बसू नकोस असं मी इथं सांगणार नाही. तो निर्णय कसा घ्यायचा ते सांगेन. पण त्याआधी रागाचं बघू, कारण आत्ता तू जी आहेस तिनं कुठलाच निर्णय घेऊ नये असं मला वाटतं.

तुझा प्रश्न मी चार वेळा वाचला. नकार तुला एकदा मिळालेला नाही. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा एकदा धस्स झालं असेल. मग ऑल इंडिया कोट्याचा, म्हणजे देशपातळीवर भरायच्या जागांचा, पहिला राउंड, राज्याचा पहिला, मग दुसरा, मग कुणीतरी म्हणालं तिसऱ्याला कट-ऑफ खाली येतो, आणि तू पुन्हा आशा धरलीस. पाच महिने तू दर पंधरा दिवसांनी तीच परीक्षा नापास होत आलीस, आणि प्रत्येक वेळी घरातल्यांच्या देखत. माणूस एका धक्क्यातून उठतो. असं थेंबाथेंबानं झालं की अंगातली सगळी ताकद वाट बघण्यात संपते. तुझी चिडचीड त्या थकव्यातून येते. तिला तू स्वभाव समजू नकोस.

त्यात नऊ गुण. इतक्या वर्षांत मी हे पक्कं पाहिलंय की दीडशे गुणांनी हुकलेलं मूल महिनाभरात सावरतं आणि नऊ गुणांनी हुकलेलं दिवाळी गेली तरी त्याच पेपरात अडकलेलं असतं. कारण हिशोब करता येतो. चुकलेला एक प्रश्न बरोबर आला असता तर पाच गुण, सोडलेला एक जमला असता तर चार, झाले नऊ. एकशे ऐंशीपैकी दोन प्रश्न. लोक तुला समजूत घालताना म्हणतात, ‘दोनच प्रश्नांचा फरक गं,’ आणि तू रात्रभर ते दोन प्रश्न शोधत बसतेस. खरं म्हणजे त्या दोन प्रश्नांच्या अलीकडंपलीकडं हजारो मुलं उभी आहेत. तुझ्या वर दोन प्रश्नांनी जो बसला आणि तू, तुमच्यात चांगला डॉक्टर कोण होईल हे ती परीक्षा सांगूच शकत नाही. जागा संपल्या तिथं लिस्ट संपली, एवढंच तिनं सांगितलं.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे, पण आकडेही बघ. २०२५ ला साधारण २२ लाख मुलांनी नीट दिली. त्यातली १२ लाख ३६ हजार ‘पात्र’ ठरली. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा, सरकारी आणि खाजगी मिळून, सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे पात्र झालेल्या दहातल्या नऊ जणांना जागाच नाही. हा ‘पात्र’ शब्द फार घात करतो. घरचे पेढे वाटतात, गल्लीत बोर्ड लागतो, आणि मग ऑक्टोबरमध्ये तीच माणसं विचारतात, ‘पास झालीस न्हवं, मग नंबर का लागंना?’ खुल्या गटाला पात्रतेची रेघ पन्नासाव्या पर्सेंटाइलची, म्हणजे परीक्षा दिलेल्या निम्म्या मुलांच्या पुढं असण्याची, आणि राखीव प्रवर्गांना चाळिसाव्या. ती ओलांडली म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी मिळाली, इतकाच तिचा अर्थ.

तू लिहिलंयस की मार्क गेल्या वर्षीपेक्षा शंभरावर कमी झाले, म्हणून मामा म्हणतात पोरीनं दुसऱ्या वर्षी अभ्यासच केला नाही. मामांना हे दाखव. २०२४ च्या अंतिम निकालात ७२० पैकी ७२० घेणारी १७ मुलं होती. २०२५ ला देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ होते आणि ६५० च्या वर सगळ्या देशात फक्त ७३ जण. फिजिक्सच्या प्रश्नांनी सगळ्यांचेच गुण खाली ओढले. दोन वर्षांचे मार्क शेजारी ठेवून काहीच कळत नाही, रँक ठेवून कळतं. तुझी रँक सुधारली असेल तर तू पुढं गेलीस. हे कागदावर लिहून मामांपुढं ठेव, तोंडानं वाद घालू नकोस. वादात तू रडशील आणि त्यांना वाटेल आपलं खरं होतं.

आता राग. तुझा राग खोटा नाही, हे मला पहिल्यांदा सांगायचंय. २०२४ ला ज्या मुलांनी परीक्षा दिली त्यांनी पेपरफुटीच्या बातम्या ऐकल्या, १५६३ जणांना दिलेले वाढीव गुण रद्द होऊन २३ जूनला फेरपरीक्षा झालेली पाहिली, आणि २३ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं परीक्षा रद्द करायला नकार देईपर्यंत जीव मुठीत धरून दिवस काढले. त्या मुलांतली तू एक आहेस. शिवाय तू राखीव प्रवर्गातली असशील तर जात वैधता, नॉन-क्रिमीलेयर, डोमिसाईल या कागदांसाठी तुझ्या आबांनी किती हेलपाटे घातले असतील! माझ्याकडं एक मुलगा यायचा, त्याचा वैधतेचा कागद वेळेत हातात पडला नाही म्हणून एक राउंड खुल्या गटातून गेला. त्याला ‘शांत हो’ म्हणायची माझी छाती झाली नाही. त्याला मी विचारलं, या रागातलं अर्जात घालता येईल असं काही आहे का? होतं. तारखांसकट लेखी तक्रार केली, वडिलांनी पाठपुरावा केला. ज्यावर अर्ज करता येतो तेवढा राग अर्जात घालायचा. उरलेला अंगातून काढायचा, तो डोक्यानं निघत नाही. तो मुलगा पहाटे रंकाळा तळ्याला दोन फेऱ्या मारायचा. तू गावात आहेस, तर सकाळी उठून मळ्यापर्यंत भरभर चाल, घाम येईपर्यंत. हे ऐकायला फार साधं वाटतं, पण रात्री झोप यायला त्याचाच उपयोग होतो.

डोक्यातल्या रागाला मात्र वेगळं काम लागतं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली आणि जी कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली, तिच्यावर माझं बरंचसं काम चालतं. एलिस म्हणायचे की माणसाला इच्छा असणं वेगळं आणि त्या इच्छेची मागणी होणं वेगळं. ‘मला एमबीबीएस मनापासून हवं होतं’ ही इच्छा. ती मोडली की दुःख होतं, खूप होतं, पण त्या दुःखात माणूस जेवतो, बोलतो, पुढचं बघतो. ‘एवढा अभ्यास केला, मला मिळायलाच पाहिजे होतं’ ही मागणी. ती मोडली की माणूस स्वतःला नाहीतर जगाला शिक्षा द्यायला लागतो. तू आईवर ओरडतेस ना, ते तिथून येतं. आणि तुझ्या पत्रात एक वाक्य तीनदा आलंय: ‘मला हे सहनच होत नाही.’ एलिस यांचा सगळ्यात जास्त आक्षेप याच वाक्याला होता. कारण तू सहन करते आहेस. गेले पाच महिने करते आहेस. जड जातंय, ते खरं. पण ‘सहन होत नाही’ असं दिवसातून पन्नास वेळा म्हटलं की मन त्यावर विश्वास ठेवतं आणि उद्या सकाळी उठायचंही त्याला जमत नाही.

म्हणून वही घे. डाव्या पानावर मनात येतं ते जसंच्या तसं लिही, शिव्यांसकट. उजव्या पानावर तेच वाक्य खरं करून लिही. गोड करून नको. ‘माझं आयुष्य संपलं’ याच्या उजवीकडं ‘सगळं चांगल्यासाठीच होतं’ असं लिहिलंस तर तुझं तुलाच पटणार नाही, आणि पटूही नये. तिथं लिही: ‘मला सरकारी कॉलेज मिळालं नाही. हे फार वाईट झालं. पुढचं काय ते मला अजून दिसत नाही.’ या तिन्ही वाक्यांत एकही खोटं नाही. रोज पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नको. चार-पाच दिवस हात जड जाईल. साधारण दहाव्या दिवशी मुलं मला सांगतात की वाक्य मनात आल्या आल्या त्याची उजवी बाजू आपोआप आठवली. तेवढंच हवं असतं.

हे मी नुसतं शिकून सांगत नाही. १९९४ ला मी बारावी झाले. तेव्हा बारावीच्या पीसीबीच्या, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीच्या, गुणांवर प्रवेश मिळायचा. कोल्हापुरात सरकारी मेडिकल कॉलेज नव्हतं, सीपीआर म्हणजे जिल्हा रुग्णालय. आम्हा मुलांचं स्वप्न मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं. माझं थोडक्यात गेलं. त्यानंतर दोन वर्षं मी मिरजेवरून जाणाऱ्या एसटीत बसले नाही. मावशी तिथं राहायची, आजारी होती, तरी गेले नाही. कुणाला सांगितलंही नाही का जात नाही ते. मावशी मला फार जीव लावायची. ती गेल्यावर मला कळलं की जागा गेल्याचं दुःख एक होतं आणि त्यापायी मी टाळलेली माणसं हे दुसरं. पहिलं माझ्या हातात नव्हतं, दुसरं होतं.

निर्णयाकडं वळते. माझ्याकडं आलेल्या मुलांना मी लिस्टनंतर दहा दिवस ‘पुढं काय’ या विषयावर घरात बोलायला बंदी करते. राउंडच्या तारखा मात्र तुझ्या मनासाठी थांबत नाहीत, शेवटचा राउंड बाकी असेल तर त्याचे फॉर्म, आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) कोर्सेसच्या फेऱ्या, सगळं चालूच राहतं. म्हणून लॉगिन आणि पासवर्ड दादाकडं दे. त्यानं दिवसातून एकदा, संध्याकाळी सहाला, वेबसाइट बघायची आणि करण्यासारखं काही असेल तरच तुला सांगायचं. टेलिग्रामचे ग्रुप आणि ‘अपेक्षित कट-ऑफ’चे व्हिडिओ आजच बंद कर. ते तुला माहिती देत नाहीत, रोज नव्यानं लिस्ट लावतात.

दहा दिवसांनी एक कोरा कागद घेऊन बस आणि आधी एकच प्रश्न लिही: तिसऱ्या वर्षी नेमकं काय वेगळं करणार? ‘जास्त अभ्यास’ हे उत्तर मी मानत नाही, तू कमी केला नव्हतास. ‘फिजिक्समध्ये रोटेशन आणि इलेक्ट्रोस्टॅटिक्सचे प्रश्न मी सोडले, त्यासाठी अमुक तमुक करणार’ हे उत्तर चालतं. वेगळं असं काही सापडत नसेल तर तिसरं वर्ष दुसऱ्यासारखंच जाण्याची भीती आहे. मग आपल्या तब्येतीकडं बघ. मार्च-एप्रिलमध्ये झोप उडाली होती का, टेस्टच्या दिवशी उलट्या, छातीत धडधड, असं होतं का? होत असेल तर त्याचा इलाज आधी, प्रवेश अर्ज नंतर. आणि पैशाचं आबांशी उघड बोल, क्लास आणि मेस धरून वर्षाला किती लागले आणि पुन्हा लागले तर कशातून येणार. नीटला आज प्रयत्नांची मर्यादा नाही, वरची वयोमर्यादाही २०२२ मध्ये काढली, त्यामुळं दार बंद होतंय म्हणून घाई करायचं कारण नाही. पण दार उघडं आहे म्हणून त्यातून जायलाच पाहिजे असंही नाही. मी तीन प्रयत्नांनी डॉक्टर झालेली मुलं पाहिलीत, आणि चौथ्या प्रयत्नात अभ्यासाच्या टेबलाजवळ जायचीसुद्धा भीती बसलेली मुलंही पाहिलीत.

बीएएमएसचं, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीचं, सगळे म्हणतायत असं तू लिहिलंस. साडेचार वर्षं आणि वर्षाची इंटर्नशिप, कालावधी एमबीबीएसइतकाच. ज्यांना ते शास्त्र मनापासून शिकायचंय त्यांनी जरूर घ्यावं. पण ‘नावापुढं डॉक्टर लागेल’ एवढ्याच कारणासाठी साडेपाच वर्षं काढलेल्या मुली माझ्यासमोर बसून रडल्यात. एखाद्या आयुर्वेद कॉलेजमध्ये जा, तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलींशी तासभर बोल. मग ठरव. प्रवेश घेऊन शेजारी नीट द्यायचा विचार असेल तर जागा सोडण्याच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत स्वतः वाच, ऐकीव सांगण्यावर जाऊ नकोस.

आणि एक इशारा. लिस्ट लागल्यावर नंबर न लागलेल्या घरांत फोन यायला सुरुवात होते: ‘सीट करून देतो, टोकन द्या.’ नीट आणि अधिकृत प्रवेश फेऱ्या यांच्या बाहेर भारतात एमबीबीएसचा प्रवेश होत नाही. आबांना हे आजच सांग. परदेशाचं कुणी सुचवलं तर तिथला कोर्स किमान ५४ महिन्यांचा, वर शिकलेल्याच ठिकाणी बारा महिन्यांची इंटर्नशिप, आणि परत आल्यावर इथली परवान्यासाठीची परीक्षा, हे सगळं धरून हिशोब कर.

आबांविषयी तू एकच ओळ लिहिलीस: ‘त्यांचे पैसे मी बुडवले.’ मला वाटतं तुझा घास तिथं अडकलाय. गेल्या वर्षी राधानगरीकडची एक मुलगी अगदी हेच म्हणत होती. वडील माझ्या खोलीबाहेर बाकावर बसलेले, गळीत हंगाम सुरू झालेला, ऊसतोड सोडून आलेले. मी त्यांना आत बोलावलं आणि तिला ते वाक्य त्यांच्यासमोर म्हणायला लावलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘बुडालं कसं? ती शिकली की त्यात. मला तर वाटत होतं, मीच चांगल्या क्लासला घालाय कमी पडलो.’ दोघंही आपापल्या परीनं अपराधी होऊन एका घरात तीन आठवडे एकमेकांशी बोलत नव्हते. तुझे आबा हेच म्हणतील असं मी कशी सांगू? पण तू त्यांना अजून विचारलेलं नाहीस, हे तुझ्या पत्रावरून दिसतं. दिवसाची कामं आटोपली की रात्री त्यांच्याजवळ बस आणि विचार.

एवढं सगळं लिहिलं, पण त्यातलं काही करायचं त्राणच नसेल तर ते आळस समजू नकोस. झोप, भूक, कशातच मन न लागणं, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, हे दोन आठवडे रोज, दिवसभर राहिलं तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला उपचार आहेत. तुझा एक आठवडा झालाय. आणखी एक बघ, पण मरणाचा विचार एकदा जरी मनात आला तर आठवड्याची वाट बघू नकोस, त्याच घडीला आईला किंवा दादाला उठव आणि १४४१६ ला फोन लाव. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीही चालू असते, मराठीत बोलता येतं. कोल्हापुरात यायला जमत असेल तर सीपीआरला मानसोपचाराची ओपीडी आहे. ‘लोक काय म्हणतील’ हा विचार तिथल्या रांगेत कुणी करत नाही.

राहिलं दादाचं लग्न. जा. सगळे चार दिवस हसत फिरायची गरज नाही. हळदीला आणि अक्षतांना उभी राहा, दमलीस की आतल्या खोलीत जाऊन पड, आणि हे आईला आधीच सांगून ठेव म्हणजे ती शोधत येणार नाही. ‘काय गं, झालं का मेडिकलचं?’ हे किमान वीस जण विचारतील. त्यासाठी एकच वाक्य ठरव आणि सगळ्यांना तेच दे: ‘या वर्षी नाही झालं, पुढचं काय ते बघतेय.’ मग लगेच, ‘आत्ती, जेवलीस का?’ आत्तीला खरंतर तुझ्या रँकशी काही घेणं नसतं, बोलायला विषय हवा असतो. आणि दादाला आज रात्रीच सांग की लग्नाच्या दिवसांत तो पासवर्ड त्याच्याकडं नको, धाकट्या चुलत भावाकडं दे. तो नवरदेव आहे, संध्याकाळी सहाला तो फोनवर लिस्ट बघत बसायला नको.